बाबा, मी पार्टनर होणार नाहीये

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गुडघ्याच्या विषयावर जाऊन थांबले, म्हणून लिहिते आहे. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधला भाग गाळू नका.

मी वकिलीची फर्म सोडते आहे. राजीनामा देऊन झाला. पुढच्या वर्षी पार्टनरशिपसाठी माझं नाव जाणार होतं, ते आता जाणार नाही. नवी नोकरी न्यू जर्सीतच आहे, गावोगावच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामांना कर्ज उभं करून देणाऱ्या सरकारी संस्थेत. पगार आत्ताच्या निम्म्याहून जरा जास्त. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नसेन. तारीख पुढे मागून पाहिली, मिळाली नाही. हे एवढं लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

आता आई लगेच विचारेल ते आधीच सांगते. माझ्या कामाची परवानगी निखिलच्या व्हिसावर आहे, तिला धक्का लागत नाही. आरोग्य विमा फर्मपेक्षा चांगला आहे, पेन्शन आहे. शिक्षणाचं कर्ज जूनमध्येच फिटलं आणि घराचे कागद तुमच्या कपाटात परत आले, ते आल्याशिवाय मी राजीनाम्याचा विचारसुद्धा मनात येऊ दिला नव्हता. आणि रात्री नऊ-दहाला ऑफिसात खाणं बंद होईल. सहाला घरी, गरम जेवायला. आई, एवढ्या एका गोष्टीसाठी तरी तू माझ्या बाजूने हो.

बाबा, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तुम्ही सगळ्यांना ‘मुलगी न्यूयॉर्कला पार्टनर होणार’ असं सांगितलं आहे, हे मला माहीत आहे. ते ऐकून मला किती बरं वाटायचं तेही तुम्हाला माहीत असू दे.

आठ वर्षं मी जमिनींचे सौदे केले. सौदा करायचा म्हणजे आधी टायटल, म्हणजे मालकी, तपासायचं, मग गहाणखतं, हक्क, वहिवाटीचे रस्ते. इथल्या पूर्वेकडच्या राज्यांत जुन्या खतांत चतुःसीमा अजून शब्दांत लिहिलेल्या सापडतात: अमुक दगडापासून तमुक अंशात इतके फूट, तिथून ओढ्याच्या काठाने ओकच्या झाडापर्यंत. झाड कधीच गेलेलं असतं. पहिल्यांदा असं खत हातात आलं तेव्हा मी ते मनात तुमच्या आवाजात वाचलं. ‘पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस.’ तुमच्या निबंधक कार्यालयात टेबलाखाली बसून मी शाईच्या पॅडवर बोटं काळी करायचे आणि तुम्ही पान न पान वाचल्याशिवाय शिक्का उचलायचा नाहीत. बाहेर लोक ताटकळत असायचे, साहेब रागवायचे, तुम्ही मात्र वाचत राहायचात. माझ्या या धंद्यातलं सगळं शिक्षण तिथे झालं आहे.

जमिनीबरोबर पर्यावरणाचा कायदा येतोच. नायगारा फॉल्सजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये रसायनांच्या पिंपांवर शाळा आणि वस्ती उभी राहिली होती. 1978 मध्ये ते उघड झालं, आणि 1980 मध्ये सुपरफंडचा, म्हणजे विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्याचा कायदा आला. त्या कायद्यात आजच्या मालकाला कालच्या मालकाने केलेल्या घाणीचा खर्च भरावा लागू शकतो. विकत घेण्याआधी रीतसर चौकशी केली असेल तर बचाव मिळतो. म्हणून आम्ही जुने नकाशे काढतो. आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे असतात, त्यात विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगवलेली. एकदा आमच्या प्लॉटवर एका जुन्या पानात ड्राय क्लीनर दिसला. कोणाला ठाऊक नव्हतं, तिथे पन्नास-साठ वर्षांपासून गाड्या लावत होते. माती तपासली तर कपडे धुण्याचं द्रावण खाली झिरपलेलं. सौदा चार महिने लांबला आणि मला बोलणी बसली. तरी मला तो दिवस आवडतो.

मग मी सुखी का नव्हते? आमचं काम सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. तासाचे दहा तुकडे, प्रत्येक कोणाच्या तरी बिलावर. मागच्या वर्षी आईने फोनवर बाबा बाथरूममध्ये घसरल्याचं सांगितलं, तेव्हा ऐकता ऐकता माझा डोळा घड्याळाकडे गेला आणि मनात आलं की तीन तुकडे गेले. आई, मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं. रागावू नकोस. त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट आहे, 2019 ची. तेव्हा न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात नळाला शिसं येत होतं. ऑगस्टमध्ये बाटलीबंद पाणी वाटायला लागले. आमच्या ऑफिसात संध्याकाळी सफाईला येणाऱ्या मावशी नेवार्कच्या. त्यांच्या लेकीचं बाळ चार महिन्यांचं. एका शनिवारी मी त्यांच्याकडे बाटल्यांचे खोके पोचवायला गेले. तळघरात त्यांनी भिंतीतून आत येणारा पाइप दाखवला, मळकट करडा. खिशातलं नाणं काढून त्यावर ओढलं. खाली चांदीसारखं लख्ख चमकलं. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. ‘म्हणजे शिसं,’ त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वर जाऊन बाळाची बाटली धुवायला घेतली. विकतच्या पाण्याने.

त्या पाइपचा एक भाग रस्त्याखाली. दुसरा घराच्या जागेत, मालकाच्या. मालक दुसरीकडे राहतो, फोन उचलत नाही, भाडेकरू तेच पाणी पितो. पैसा सरकारी, जमीन खाजगी, विष दोघांच्या मध्ये. जमिनीचा, पर्यावरणाचा आणि सरकारी पैशाचा, मी ज्या तीन कायद्यांची नावं एवढी वर्षं वेगवेगळी घेत होते ते तिन्ही मला त्या तळघरात एकत्र दिसले. पुढे शहराने ठराव केला की मालकाची सही नसली तरी पाइप बदलता येईल. नेवार्क ज्या जिल्ह्यात येतं त्या एसेक्स काउंटीने 12 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मंजुरी दिली. आठ-दहा वर्षांचं धरलेलं काम तीन वर्षांच्या आत उरकलं, 23,000 च्या आसपास पाइप, आणि घरमालकांकडून एक पैसा न घेता. हे कोणा वकिलांनी बसून लिहून काढलं होतं, बाबा. त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत.

रोख्यांचं थोडक्यात सांगते, तुम्हाला आवडेल. इथे गावाला किंवा शाळेला मोठा पैसा हवा असला की रोखे काढतात. त्या व्याजावर सहसा केंद्राचा आयकर नसतो, म्हणून घेणारा कमी व्याजावर राजी होतो. पण त्याने विश्वास कशावर ठेवायचा? एकोणिसाव्या शतकात कित्येक गावांनी रेल्वे आपल्याकडे यावी म्हणून रोखे काढले, आणि फेडायची वेळ आल्यावर ‘आम्हाला तो अधिकारच नव्हता’ म्हणत हात वर केले. त्या कोर्टकज्ज्यांतून प्रथा पडली की रोख्याबरोबर वकिलाचं मतपत्र हवं: अधिकार आहे, ठराव रीतसर आहे; पुढे आयकर आल्यावर व्याज करमुक्त आहे हेही. त्या वकिलाला बॉन्ड कौन्सेल म्हणतात. पत्र दोन-तीन पानांचं असतं. त्यामागे ठरावाचा प्रत्येक कागद वाचलेला असतो, सभेची नोटीस किती दिवस आधी लागली इथपर्यंत. मी संस्थेच्या बाजूने अशाच वकिलांबरोबर बसणार आहे. कोणी ओळखपाळख नसलेला माणूस आयुष्यभराची पुंजी त्या सहीवर ठेवतो. तुमच्या शिक्क्यावर ठेवायचे तशी.

काम संपेल अशीही भीती धरू नका. न्यू जर्सीने 2021 मध्ये कायदाच केला आहे, शिशाचे सगळे पाइप दहा वर्षांत बदलायचे. आणि फर्ममधून सरकारात, सरकारातून परत फर्ममध्ये अशी ये-जा इथे चालते. दार बंद झालेलं नाही. तरी खरं सांगायचं तर मला परत जायचं नाही.

तुमचा हिरमोड झाला असेल. मला त्याचं वाईट वाटतं आहे, पण निर्णयाचं नाही. पार्टनर हा शब्द गेला, तुमची मनू कुठे गेली नाही.

आता ऑपरेशनचं. दादाशी बोलून ठेवलं आहे, तो पंधरा दिवस तिथेच राहणार. दिवसा एक ताई येतील, त्यांचे तीन महिन्यांचे पैसे मी भरले आहेत, परत करायच्या गोष्टी करू नका. आई, त्यांना काम करू दे, त्यांच्या आधी उठून भांडी घासून ठेवू नकोस. संडासात आणि बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे बसवायला माणूस शनिवारी येईल, दादाने ठरवलंय. पाटावर बसून अंघोळ बंद, प्लास्टिकची उंच खुर्ची मागवली आहे. हॉलमधली सतरंजी उचलून ठेवा, ती आजीची आहे हे मला माहीत आहे, घडी घालून कपाटात ठेवा, फेकायला मी सांगत नाही.

बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी ऑपरेशनच्या आधी कधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही आणि सुरूही करायची नाही. बीपी वहीत लिहा. दुखलं तर व्यायाम सोडू नका, फिजिओथेरपिस्टला सांगा. आणि माळ्यावर चढायचं नाही, बल्ब गेला तर गेला. आई, तुझ्या साखरेची तपासणी या सगळ्या गडबडीत राहून जाणार, म्हणून ती त्याआधी करून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. ‘सगळं ठीक आहे’ असं लिहून पाठवू नकोस, आकडे पाठव.

मार्चच्या मध्यावर तीन आठवडे येते आहे. नोकरी स्वीकारतानाच ही रजा कागदावर लिहून घेतली आणि तिकीटही काढलं. तोवर बाबा काठी सोडून चालायला लागलेले असतील. संध्याकाळी आपण पूर्वीसारखं देवळापर्यंत जाऊ, तुम्ही म्हणाल त्या वेगाने. माझा हात धरा, मी लहानपणी तुमचं एकच बोट धरायचे तसं एक बोट धरलंत तरी चालेल.

पत्र वाचून झालं की लगेच फोन करू नका. आईशी बोला, एक रात्र जाऊ द्या. मग करा. मी कितीही वाजता उचलेन.

तुमची,
मनू

ता. क. आई, बाबा आतून नाराज असतील तर मला सांग, पण त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचायला घेतलं तर तेही सांग.