फोटो काढायचाय

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

कलेच्या दोन वर्षांच्या पदवीसाठी तू अर्ज करणार आहेस, त्याचं फोल्डर मिळालं. 43 फोटो, 3 व्हिडिओ, दीड पानाचं एसओपी, म्हणजे शिकायला का जायचंय त्याचं निवेदन, आणि वर तुझी ओळ, "आई, 20च चालतात. कुठले काढू?" फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच "हो गं, कळलं" म्हणतेस आणि मग मला पुढचं आठवत नाही. म्हणून लिहिते.

कलेतलं आईला काय कळतं, हे तू मनात म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते. पण 32 वर्षं मीही फोटोच काढले. आमच्या खिडकीशी येऊन "एक्स-रे काढायचाय" असं फारसं कुणी म्हणत नसे. "छातीचा फोटो काढायचाय", "गुडघ्याचा फोटो सांगितलाय", असंच. एक आजोबा छाती प्लेटला टेकवून उभे होते. मी म्हटलं, श्वास घ्या, रोखून धरा. तर त्यांनी रोखलेल्या श्वासातच मान वळवून खुणेनं विचारलं, हसू का? तोंड भिंतीकडे होतं त्यांचं.

त्या प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर प्रश्न असे. तीन आठवडे खोकला आहे, क्षय आहे का? हातावर पडली, मनगट मोडलंय का? चिठ्ठी नसेल तर आम्ही बटणाला हात लावत नसू. कारणाशिवाय कुणाच्या अंगावर किरण सोडायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. चिठ्ठीवर नुसतं "छाती" लिहिलेलं असलं की मी डॉक्टरांना फोन करून विचारत असे, छातीत बघायचंय काय? फुप्फुसं बघायची तर एक्स्पोजर वेगळं, बरगड्या बघायच्या तर वेगळं. प्रश्न माहीत नसला तर फोटो स्वच्छ येतो आणि कुणाच्या उपयोगाचा नसतो.

तुझे 43 फोटो स्वच्छ आहेत. मी चिठ्ठी शोधत होते.

मग वाटलं, एसओपीत असेल. पहिलंच वाक्य, "लहानपणापासून मला कॅमेऱ्याचं वेड होतं." अगं, तिथे अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच असणार. (आणि खरं सांगायचं तर लहानपणी तुला वेड होतं ते स्टेपलरचं.) दुसऱ्या परिच्छेदात "अवकाश, स्मृती आणि अस्मिता यांच्यातील द्वंद्व". तो कागद हातात धरून मी परत सगळे फोटो पाहिले. द्वंद्व कुठे सापडलं नाही. ते वाक्य कुणाच्याही फोटोंखाली चिकटवलं तरी चालेल, म्हणजे ते तुझं नाही. शिवाय तू दोन कागद एकात कालवलेस. बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेगवेगळे मागतात. आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणजे हे काम काय आहे, कसं केलंस. एसओपी म्हणजे तुला तिथेच का जायचंय आणि दोन वर्षांत काय करून बघायचंय. पहिला आधी लिही. तो नीट जमला की दुसऱ्याला फार शब्द लागणार नाहीत.

आता काढाकाढीबद्दल. मी नवी होते तेव्हा विभागात एक खोका होता, फुकट गेलेल्या फिल्मचा. आमच्या वरिष्ठ बाई दर शनिवारी तो माझ्यासमोर उपडा करायच्या आणि एकेका फिल्मवर कारण लिहायला लावायच्या. हलला. खांदा कापला गेला. काळा पडला. फिका आला. मार्कर, म्हणजे डावं-उजवं सांगणारी खूण, राहिला. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या खोक्यानंच मला दाखवलं की माझ्या चुका दहा नाहीत, एकच आहे. मी घाईत प्लेट जास्त वर सरकवते.

तेच मी तुझ्या फोटोंचं केलं. सगळे पोस्टकार्डाएवढे छापून आणले आणि टेबलावर मांडले. स्क्रीनवर पुढचा आला की आधीचा विसरायला होतो, टेबलावर लपायला जागा नसते. सूर्यास्त 4. डबक्यातली प्रतिबिंबं 5. जुनी दारं 6, त्यातलं एक दार तर दोनदा. कारण लिहायला बसले तर हललेला एक नाही, कापलेला एक नाही. शेवटी नवंच कारण लिहावं लागलं, "छान आहे, पण कुणीही काढला असता." असे 26 निघाले. रागावू नकोस. ते टाकून दे असं म्हणत नाही, अर्जात नकोत एवढंच.

उरले 17. त्यातले 6 मला नीट कळले नाहीत, ते तुझे तू बघ. बाकीचे 11 ओळीनं लावले आणि मी खुर्चीत बसले.

अकराही फोटो वाट बघण्याचे आहेत. पोटावर फाईल ठेवून झोपलेला तो गृहस्थ. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरलेली बाई, तिची एक चप्पल पायातून निसटलेली. टोकन मुठीत घट्ट धरलेला नुसता हात. आणि त्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत दाराजवळच्या एकाच खुर्चीचं रेक्झिन घासून चकचकीत झालेलं. हे सगळे तू वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी काढलेस, तारखा पाहिल्या मी. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. कॅमेरा खाली आहे, मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर.

शाळा सुटली की तू माझ्या विभागाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचीस. दारावरचा लाल दिवा लागलेला असला की आत यायचं नाही, हे तुला अक्षरं यायच्या आधी कळत होतं. हे 11 फोटो त्या बाकावरून काढलेत. तुला माहीत होतं का हे? मला नव्हतं.

वाट बघताना माणसाच्या शरीराचं काय होतं, असा काहीतरी तुझा प्रश्न असावा. असावा म्हणते, कारण चिठ्ठी तुलाच लिहायची आहे. मी फक्त खिडकीशी बसलेली बाई.

त्या झोपलेल्या गृहस्थाचा चेहरा मात्र स्पष्ट ओळखू येतो. फाईलवरचं नावही वाचता येतं, मी मोठं करून पाहिलं. विचारलं होतंस त्यांना? आम्ही शिकवण्यापुरती फिल्म वापरायची झाली तरी नावाची पट्टी झाकत असू. विचारलं नसशील तर तो काढून टाक. सगळ्यांत चांगला तोच आहे हे मलाही दिसतंय, तरी काढ.

म्हणजे राहिले 10, आणि बहुतेक ठिकाणी 15 ते 20 मागतात. डबकी आणि दारं घालून आकडा पुरा करू नकोस, अजून नवे फोटो काढ. वेळ आहे. आणि काढताना एक लक्षात ठेव. हाडाचा एकच व्ह्यू घेऊन आम्ही पेशंटला सोडत नसू. समोरून हाड सरळ दिसतं, बाजूनं घेतलं की मोडलेलं कळतं. तुझे सगळे फोटो वाट बघणाऱ्यांचे आहेत. ते बघतायत कशाकडे? बंद खिडकी, दारावरचा दिवा, आकडे बदलणारी पाटी, आतून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा. तो व्ह्यू एकाही फोटोत नाही.

तू म्हणशील, सगळं एकसारखं दिसेल. दिसू दे की. तूच मला एकदा बेखर दांपत्याचे फोटो दाखवले होतेस, त्या जर्मन नवरा-बायकोचे. 1959पासून दोघं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कारखान्यांचे सांगाडे काढत राहिले. शक्यतो समोरून, ढगाळ उजेडात, सावली नको, माणूस नको, आणि मग एकाशेजारी एक लावायचे. आमच्या विभागात शोभले असते. 1990 साली व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना मोठं पारितोषिक मिळालं ते चक्क शिल्पकलेचं! मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते नवऱ्याचं, बेर्न्ड बेखर यांचं, शिकवणं. 1976पासून ते ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवत होते. गुर्स्की, श्ट्रूट, रुफ, कांडिडा ह्योफर हे पुढे नावाजलेले फोटोग्राफर सगळे त्या वर्गातले, आणि आज त्यांची कामं शेजारी ठेवली तर कुणाचं कुठलं हे सांगावं लागत नाही. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा तिथे कोण शिकवतंय ते बघ, आणि त्याहून जास्त, गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांची शेवटची प्रदर्शनं बघ. सगळ्यांची कामं एकाच हातची वाटली तर तिथे अर्ज करू नकोस.

व्हिडिओंबद्दल मला जास्त बोलायचंय. हाड स्थिर फोटोत कळतं, गिळणं कळत नाही. घास अडकतो म्हणणाऱ्या माणसाला बेरियमचा पांढरा घोट देऊन फ्लोरोस्कोपीसमोर, म्हणजे हलत्या एक्स-रेसमोर, उभं करावं लागतं, कारण अडचण त्या दोन सेकंदांच्या हालचालीत असते. आधीचा आणि नंतरचा फोटो घेतला तर सगळं ठीकच दिसेल. तुझे पहिले दोन व्हिडिओ, खिडकीवरचा पाऊस आणि हलणारा पडदा, हे लांबलेले फोटो आहेत. दहाव्या सेकंदाला जे दिसतं तेच तिसऱ्या मिनिटाला. 1967 साली सोनीचा पोर्टापॅक हा सुटसुटीत व्हिडिओ कॅमेरा आला तेव्हा एकट्या माणसाला खांद्याला अडकवून व्हिडिओ काढता येतो, याचंच अप्रूप होतं. 2008 साली निकॉनच्या डी90नं फोटो काढायच्या डीएसएलआर कॅमेऱ्यातच व्हिडिओ आणला आणि तेही संपलं. आता मुलाखतीत "फोटो असताना व्हिडिओ कशाला?" असं विचारलं तर कॅमेऱ्यात सोय आहे हे उत्तर चालायचं नाही.

तिसऱ्या व्हिडिओत उत्तर आहे. बाबा सुई ओवतायत. 4 मिनिटं 10 सेकंद. दोरा ओठात धरून ओला करतात, टोक चिमटीत पिळतात, सुई उजेडाकडे धरतात, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जातो. मी मोजलं, 14 वेळा. नवव्या वेळी ते मान वर करून तुझ्याकडे बघतात. तू मदत करत नाहीस. कॅमेरा जरासुद्धा हलत नाही. त्या ठिकाणी माझा जीव वरखाली झाला. तुझा राग आला, आणि पुढचं बघितल्याशिवाय राहवेना. फोटोत ते नुसते सुई धरलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले असते. हा ठेव. बाकीचे दोन काढ. मिनिटांची मर्यादा असतेच, आणि अर्धी मिनिटं पावसात घालवण्यात अर्थ नाही. एवढंच, की पहिलं मिनिट तगडं आहे का बघ. निवड समितीसमोर ढीगभर अर्ज असतात, सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत बघून होत असतील असं मला वाटत नाही.

घरातलंच काय दाखवायचं, हा संकोच तुझ्या मेलमध्ये दिसला. एक्स-रे शोधणाऱ्या राँटगेननं 22 डिसेंबर 1895ला प्लेटवर ठेवला तो बायकोचा हात. हाडं आणि बोटातली अंगठी, एवढंच दिसतं त्यात. एक्स्पोजर सुमारे 15 मिनिटांचं. नाव त्याचं झालं, पण त्या बाईनं हात हलवला असता तर आमच्या खोक्यातच गेली असती ती प्लेट. लटोया रूबी फ्रेझर ही अमेरिकन फोटोग्राफर तर वर्षानुवर्षं आजीचे, आईचे आणि स्वतःचे फोटो काढत राहिली, आणि तिची आई नुसती समोर बसली नाही, तिनंही कॅमेरा हातात घेतला. तुझ्या स्टेटमेंटमध्ये बाबांचा वाटा एका ओळीत तरी यायला हवा. ते "विषय" नाहीत. चार मिनिटं तेच खपलेत.

बाकी बारीकसारीक. दुसऱ्या व्हिडिओची लिंक परवानगी मागते. मी आई आहे, मागितली. समितीतला माणूस पुढच्या अर्जाकडे वळेल. प्रत्येक लिंक दुसऱ्या कुणाच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघ. फाइलचं नाव "फायनल_फायनल_खरंच_फायनल" असं ठेवू नकोस. फोटोंना क्रमांक, वर्ष, माध्यम दे. मार्कर नसलेली फिल्म आमच्याकडे कितीही सुंदर असली तरी रद्द व्हायची. शिफारसपत्रं तुझं काम वर्षभर पाहिलेल्यांकडून घे आणि महिनाभर आधी सांग. काकांचे साहेब कितीही मोठे असले तरी नकोत. आणि पैशांचं अर्जाआधी विचार. काही ठिकाणी शिकवण्याच्या असिस्टंटशिपमध्ये फी माफ होते, काही ठिकाणी दमडी मिळत नाही. दोन वर्षांच्या पदवीसाठी वीस वर्षांचं कर्ज घ्यावं लागणार असेल तर त्या ठिकाणाचा विचार सोड, असं माझं मत आहे. यावर आपलं भांडण होईल, होऊ दे.

फोटो टेबलावर तसेच आहेत. बाबा येता-जाता बघतात आणि मला वाटतं, गुपचूप क्रम बदलतात. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काल शेवटी होता, आज पहिला आहे. बघ तुला कसा वाटतो.

सुईचा व्हिडिओ परक्या माणसांना दाखवलेला चालेल का, हेही मी त्यांना विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाखवू दे. पण मी बनियनवर आहे गं त्यात. शर्ट घालतो, परत काढू म्हणावं. आणि या वेळी चष्माही लावतो."

मी सांगितलं, रिपीट नाही.

तुझी,
आई