फोटो खऱ्या माणसाचा, टाइप कार्टूनचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुरवणीत कार्टूनमधल्या ऐतिहासिक व्यक्तींचे पर्सनॅलिटी टाइप छापले होते ते वाचले, मजा आली. पण गांधीजींचा खरा फोटो टाकून त्याखाली सरळ 'ईएनएफपी' (मायर्स-ब्रिग्ज पद्धतीतला चार अक्षरांचा स्वभावप्रकार, पहिलं अक्षर 'ई' म्हणजे बहिर्मुख, 'आय' म्हणजे अंतर्मुख) छापलंय ते काही पटलं नाही.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, 'क्लोन हाय' ही कार्टून मालिका २००२ ची, त्यात लिंकन, जोन ऑफ आर्क, क्लिओपात्रा, केनेडी, गांधी यांचे क्लोन एका हायस्कूलात शिकतात. त्यातला गांधी म्हणजे सतत बडबड, पार्टी आणि धिंगाणा, यावरून २००३ मध्ये भारतात निदर्शनं झाली, मालिका दाखवणाऱ्या एमटीव्हीला माफी मागावी लागली. आता या कार्टूनला ईएनएफपी म्हणायला माझी काहीच हरकत नाही, उलट कार्टूनला टाइप लावणं जास्त सोपं, कारण लेखकांनी एकच स्वभाव उचलून फुगवलेला असतो आणि जे काही आहे ते सगळं पडद्यावर आहे, त्यापलीकडे त्या पात्राला आयुष्यच नाही.

खऱ्या माणसाचं तसं नसतं ना. गांधीजी पहिल्या केसला मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना, शेवटी फी परत करून निघून गेले, हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. लंडनला शाकाहारी मंडळाच्या मीटिंगमध्येही तीच गत, लिहून नेलेलं दुसऱ्याला वाचायला द्यायचे. आणि हाच माणूस १९३० मध्ये दांडीपर्यंत चालत जाताना गावोगाव सभा घेत होता. मग पहिलं अक्षर 'आय' लावायचं की 'ई', आणि कितव्या वर्षीचं? शिवाय हा टाइप मुळात माणसाने स्वतः प्रश्नावली भरून निघतो, आणि जिवंत माणसांनी काही आठवड्यांनी परत भरली तरी बऱ्याच जणांचा बदलतो, मग गांधीजींच्या वतीने ती भरली कुणी? (मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून ज्या मायलेकींनी ही पद्धत बसवली त्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स, दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, हे जाता जाता.)

जोनचं तर त्याहून अवघड. कार्टूनमधली जोन काळ्या कपड्यातली, टोमणे मारणारी, लिंकनवर मनातल्या मनात मरणारी. फ्रान्ससाठी लढलेल्या खऱ्या जोनवर १४३१ मध्ये रुआँला धर्मद्रोहाचा खटला चालला, जेमतेम एकोणीस वर्षांची पोरगी, आणि त्या खटल्याची नोंद आजही वाचायला मिळते. तिला विचारलं, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? हो म्हणाली तर उद्धटपणा, नाही म्हणाली तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेल तर देव करो आणि असेल तर देव ती टिकवो. आता हे उत्तर भावनेतून आलं की तर्कातून, श्रद्धा की हजरजबाबीपणा, मला तरी वाटतं दोन्ही एकाच दमात, आणि चार अक्षरांच्या चौकटीत नेमकं तेच बसत नाही. क्लिओपात्राचंही थोडंफार तसंच, कार्टूनमध्ये नुसता तोरा, आणि प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की तिच्या रूपापेक्षा तिचं बोलणं माणसाला ओढून घ्यायचं, भाषाही बऱ्याच यायच्या.

गंमत म्हणजे मालिका स्वतःच सांगते की क्लोन म्हणजे मूळ माणूस नाही, ही पोरं उलट मूळ माणसाच्या नावाच्या ओझ्याखाली वाकलेली आहेत. २०२३ मध्ये मालिका परत आली तेव्हा मुख्य पात्रांत गांधी नव्हता, म्हणजे बनवणाऱ्यांनाही नावाचं वजन कळलेलं दिसतं.

टाइप छापणं बंद करा असं माझं म्हणणं नाही, आवडीने वाचतो मी. फक्त पुढच्या वेळी फोटोऐवजी कार्टूनचंच चित्र टाका आणि नावाआधी 'मालिकेतला' एवढा शब्द जोडा. आणि जमलं तर जोनच्या खटल्यातली प्रश्नोत्तरं मराठीत द्या, वाचक स्वतःच ठरवतील काय टाइप लावायचा ते.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक