सायकलचा टप्पा माझाच

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या आवाजात काळजी होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण गोव्याच्या ट्रायथलॉन रिलेत, जिथे तू पोहणार, मी सायकल चालवणार आणि ताई धावणार असं ठरलं होतं, तिथे सायकल तुझ्या ऑफिसातल्या मित्राने चालवावी आणि मी जिम सोडून नुसतं चालावं, योगासनं करावीत, हे मला पटलेलं नाही. का पटलं नाही ते लिहूनच कळवते. फोनवर आपण दोघंही एकमेकांचं बोलणं पुरं होऊ देत नाही.

तू माझ्या बोन डेन्सिटीच्या रिपोर्टला घाबरला आहेस. तो मीही वाचला आहे आणि डॉक्टरांसमोर बसून समजून घेतला आहे. हाडांची घनता हवी त्यापेक्षा कमी आहे, पण ऑस्टिओपोरोसिस म्हणावा इतकी नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं झिजण्याचा वेग वाढतो. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांचं हेच होतं. आता यात सायकलचं काय ते बघ. सायकलवर बसलं की अंगाचा बराचसा भार सीट आणि हँडलवर जातो. हृदय, फुफ्फुसं, मांड्या तयार होतात, पण हाडांवर हवा तेवढा ताण पडतच नाही. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्या तरुण, तगड्या स्पर्धकांच्यासुद्धा कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते. हाडावर भार आला तरच ते स्वतःला भरून काढतं. म्हणजे तू जी वजनं खाली ठेवायला सांगतोस, त्यांचीच मला सगळ्यात जास्त गरज आहे, रिले असो वा नसो.

आणि हे मी मनाने सुरू केलेलं नाही. डॉक्टरांनी काय टाळायचं ते स्पष्ट सांगितलं आहे. पाठ गोल करून काही उचलायचं नाही, सिट-अप्स नाहीत, सध्या उड्याही नाहीत. नौपाड्यातल्या या जिमची ट्रेनर कळव्याहून येते, तुझ्या ताईपेक्षाही लहान आहे. मला काकू म्हणते, पण काकू म्हणून एकही रेप, म्हणजे व्यायामाची एकही आवृत्ती, सोडत नाही. पहिले काही आठवडे तिने मला रिकाम्या काठीवर कमरेतून वाकायला शिकवलं, मगच बार हातात दिला. आता डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, 40 किलो उचलते, पाठ सरळ ठेवून. तिने एका पायावरचे व्यायाम घेतले तेव्हा माझा डावा पाय उजव्यापेक्षा बराच कच्चा निघाला. येऊरच्या चढावर उभी राहून पेडल मारताना सायकल एका बाजूला का झुकते, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी सीटच्या उंचीला दोष देत होते. आता स्टेपवर डाव्या पायाने चढायचा एक सेट जास्त असतो.

अंतराचं म्हणशील, तर 90 किलोमीटरची भीती मला नाही. पावसाळ्याआधी नाशिक हायवेने शहापूरपर्यंत जाऊन परत आले आहे, ते याहून जास्तच भरतं. सध्या मात्र रस्त्यावर जात नाही. घोडबंदर रोडवर पाणी साचलं की खड्डा कुठे आहे ते दिसत नाही, मागून कंटेनर येत असतात. आता पडणं मला परवडणारं नाही, एवढं भान मला आहे. म्हणून जिममधली स्पिन बाइक, म्हणजे जागेवरच चालवायची सायकल. तिचं पुढचं चाक जड असतं आणि पेडलला जोडलेलं असतं, त्यामुळे एकदा गती आली की तेच पाय ओढत नेतं. रस्त्यावर असं आयतं काही मिळत नाही. म्हणून मी रेझिस्टन्स वाढवून मिनिटाला 85च्या आसपास फेरे धरते आणि हार्ट रेटच्या पट्ट्यावर लक्ष ठेवते. मुद्दाम पंख्यापासून लांबची बाइक घेते, पण अधूनमधूनच. गोव्यात दमट उकाडा असणार, त्याची सवय हळूहळूच लागते.

आता रिलेबद्दल. तू आकडे पाठवलेस, 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं, मिळून 113 किलोमीटर, म्हणजे 70.3 मैल. पण एकट्याने तिन्ही करणाऱ्याची आणि रिलेतल्या सायकलवाल्याची तयारी वेगळी असते, हे तुझ्या बोलण्यात आलं नाही. एकट्याला पुढे धावायचं असतं म्हणून तो सायकलवर पाय राखून ठेवतो. मला उतरून धावायचं नाही. वेळ मोजणारी चिप, जी रिलेत एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची असते, ती ताईच्या घोट्याला बांधली की माझं काम संपलं, म्हणजे पायातली सगळी ताकद मी त्या 90 किलोमीटरवर खर्च करू शकते. त्यासाठीच तर ती स्क्वॉट्स, वजन घेऊन उठाबशा! शिवाय या स्पर्धेत ड्राफ्टिंगला बंदी आहे. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवता येत नाही, सगळा वारा स्वतःलाच कापावा लागतो. तुझा मित्र ग्रुपमध्ये वेगाने चालवतो हे खरं, पण तो ग्रुप तिथे नसेल. एकटीने एका लयीत तासन् तास चालवण्याची सवय मला आहे, आणि त्या कामाला मी योग्य आहे असं मी पूर्ण विचार करून म्हणते आहे.

खाण्याची तालीमही चालू आहे. तासाला साधारण 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटाने निमूट घ्यायला हवेत. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतात, बाकी खजूर, राजगिऱ्याचे छोटे लाडू आणि मीठ-साखर घातलेलं कोकम. खेळाडू घेतात ती गोड एनर्जी जेल दोनदा घेऊन पाहिली, मळमळलं, म्हणून बंद.

मला खरी काळजी तुझी आहे. पुण्याच्या तलावात तू छान पोहतोस, पण तिथे तळाला रेघ दिसते, भिंत येते, ढकलून पुढे जाता येतं. गोव्यात मिरामारच्या समुद्रात यातलं काहीच नसेल. दर काही हातांनंतर डोकं वर काढून मार्ग दाखवणारा तरंगता बोया शोधावा लागेल, शेजारच्यांचे हातपाय लागतील, लाटेने तोंडात खारं पाणी जाईल. समुद्रात एकट्याने उतरू नकोस. प्रशिक्षक आणि लाइफगार्ड बरोबर असतील अशा गटातच सराव कर आणि तो कुठे करणार ते मला आठवडाभरात कळव.

गणपतीत येशील तेव्हा आपल्याला चिप बदलण्याचा सराव करायचा आहे. तू पाण्यातून दमून येशील, तुझी बोटं ओली असतील, म्हणून तुझ्या पायातला पट्टा मीच सोडवेन. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढायची नसते, तो मी आधीच लावून उभी असेन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा भरपूर आहे, ताईही त्या शनिवारी मोकळी आहे. येताना घट्ट वेल्क्रोचा एखादा पट्टा घेऊन ये.

तुझी,
आई