काकू, चादर मार्गी लागली!

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

ती डबल बेडची जुनी चादर आणि कपाटात नुसते पडून राहिलेले पडदे अखेर मार्गी लागले. चादरीचे उशांचे अभ्रे झाले, पडद्यांच्या दणकट पिशव्या. समोर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

मशीन मला चालवता येत होतं. तुम्ही शिकवलंत ते कापड बघायला. मी कात्री शोधत होते आणि तुम्ही चादर खिडकीशी धरलीत. "आधी उजेडात बघ!" मधोमध, जिथे रोज अंग पडतं, तिथे कापड विरून आरपार दिसत होतं, कडेच्या पट्ट्या मात्र धडधाकट. विरलेल्या भागाभोवती खडूची रेघ मारून तुम्ही म्हणालात, "एवढं सोड, बाकी सगळं तुझं." कडेची मूळची दुमड आपण अभ्र्याच्या तोंडाला घेतली, त्यामुळे तिथे दुमडून टीप मारायचं कामच उरलं नाही. असला चिक्कूपणा मला फार आवडतो.

पडद्यांचं गणित वेगळं होतं. उन्हाने रंग उडतो हे मला माहीत होतं, धागाही कुजतो हे नव्हतं. तुम्ही दोन्ही हातांनी कापड जोरात ताणून दाखवलंत, तेव्हा खिडकीच्या सळीजवळचा भाग चर्रकन फाटला. बरं झालं, पिशवी भरल्यावर फाटला असता! पिशवीचे बंद उभ्या धाग्यातच, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेनेच कापायचे, हेही तेव्हाच कळलं. आडवं कापड ताण देतं, तिरकं तर त्याहून जास्त, आणि ओझ्याने बंद लोंबतात. बंद जोडताना चौकोनी टीप आणि आत फुली मारली. जाड कापडाला 16 नंबरची सुई लावली. चादरीला लावलेल्या 11 नंबरच्या सुईने चार थर गेलेच नसते. जुनी शिवण उसवल्यावर राहिलेली भोकं पाणी शिंपडून इस्त्री केल्यावर बरीचशी बुजली.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही. सरळ शिवणीला आधी कच्चा टाका घालायचा कंटाळा येतो, टाचण्यांवर भागतं. तुम्ही मान हलवणार, ठाऊक आहे.

चादरीच्या मधल्या भागाची पुसायची फडकी केली. आता जुन्या जीन्स काढून ठेवल्यात, त्यांचे खिसे न उसवता तसेच पिशवीवर घ्यायचेत. रविवारी येते. तुमची कात्रीही आणते, धार लावून. आणि हो, तिने कागद कापलेला नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची