नर्सरीतल्या मुलांचे हात मातीला लागू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं 'चिमुकल्यांनी लुटला वनमहोत्सवाचा आनंद' हे वृत्त आणि त्याखालचं छायाचित्र पाहून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. छायाचित्रातली मुलं सभागृहात उभी आहेत. अंगात हिरवे झगे, डोक्यावर पुठ्ठ्याची पानं, पायात बूटमोजे, आणि खाली प्लास्टिकच्या गवताचं जाजम. रोपं काळ्या पिशव्यांत आहेत, तीही पाहुण्यांच्या हातात. एकाही मुलाच्या हाताला माती लागलेली दिसत नाही. मग आनंद लुटला कुणी आणि कशाचा?

माझी नात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्सरीला जाते. शाळेच्या फाटकाशी जुना कडुनिंब आहे आणि या दिवसांत त्याखाली लिंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर रिक्षा येईपर्यंत पोरीने फ्रॉकचा खिसा भरून लिंबोळ्या वेचल्या. बाईंनी सगळ्या मुलांसमोर तिचा खिसा उलटा करून झटकला, हात सॅनिटायझरने पुसले आणि डायरीत लाल शाईने लिहून पाठवलं : 'मुलीला कचरा गोळा करण्याची सवय आहे, पालकांनी लक्ष द्यावे.' घरी आल्यावर पोर मला विचारते, "का वं आजी, लिंबोळी घाण असते का?" साडेतीन वर्षांच्या लेकराला हे शिकवायला आपण फी भरतो, याचा मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्या बाईंनी एकदा खाली बसून पाहायला हवं होतं. पिकलेली पिवळी लिंबोळी दोन बोटांत दाबली की बी सुळकन बाहेर पडते, सालपट हातात राहतं. हिरवी दाबली तर काहीच होत नाही. मूल आपोआप पिवळ्या वेगळ्या काढतं, हिरव्या बाजूला ठेवतं. बोटं चिकट होतात, त्या रसाला मुंग्या लागतात, मग लेकरू मुंग्यांच्या मागे जातं. रंग ओळखणं, वेगळं करणं, मोजणं, पेन्सिल धरायला लागणारी चिमटीची पकड, सगळं त्या एका झाडाखाली होतं आणि कुणाला 'ॲक्टिव्हिटी' आखावी लागत नाही.

मी आयुष्यभर बालवाडीत शिकवलं. आमच्याकडे खेळणी नव्हती, पण काळी माती होती. पाऊस पडून गेला की ती बोटांना चिकटून बसते, हवा तसा आकार घेते. आमची मुलं पोळ्याच्या आधीपासूनच तिचे बैल करायला बसायची. वाळताना बैलाचे पाय तडकायचे. का तडकले, म्हणून मुलं विचारायची, आणि मी त्यांना उघडीप पडल्यावर शेताला गेलेल्या भेगा दाखवायला न्यायची. मृगाचा लाल मखमली किडा तळहातावर घेतला की पाय आखडून निपचित पडतो. तो पुन्हा चालू लागेपर्यंत अख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा. एरवी घटकाभर एका जागी न बसणारी तीच मुलं!

यात नवीन काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं होती. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. आज आपण भिंतीच्या आत कुरणाचं चित्र लावतो.

पालकांची भीती मला कळते. साप-विंचू आहेत, ऊन आहे, आजारपण आहे. पण त्याला उपाय आहेत. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत मुलांना सावलीत परत आणायचं. पावसाळ्यात आधी मोठ्या माणसाने काठी आपटत जागा पाहून घ्यायची, दगड-पालापाचोळ्यात मुलांना हात घालू द्यायचा नाही. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या बांधाकडे फिरकायचंच नाही, मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. एवढं केलं की उरतो फक्त चिखल लागलेला कपडा, आणि तो धुतला जातो.

आता आपल्या वृत्तपत्राबद्दल. छायाचित्राखाली 'कडुनिंबाच्या रोपांचे वाटप' असं छापलं आहे. पाहुण्यांच्या हातातलं रोप बकाणनिंबाचं आहे. कडुनिंबाच्या पानाला एका दांडीवर दोन्ही बाजूंनी करवतीसारख्या काठाच्या पाती असतात. बकाणाच्या पानाची दांडी पुन्हा फाटे फोडते, तेव्हा त्या फाट्यांवर पाती येतात. छायाचित्रात ते स्पष्ट दिसतं. हा किरकोळ शब्दाचा प्रश्न नाही. बकाणाची फळं विषारी असतात. कडुनिंब समजून ते शाळेच्या अंगणात लावलं आणि पुढे त्याला फळं धरली, तर ती वेचणारी मुलं याच वयाची असणार. कृपया दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि त्या शाळेने रोपं अजून लावली नसतील तर ती बदलून घ्यावीत.

जाता जाता एक विनंती नगरपालिकेला. आमच्या भागातली बाग सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडते आणि नऊला कुलूप लागतं, ते थेट संध्याकाळी निघतं. बालवाड्या भरतात नेमक्या त्या वेळात. दोन खोल्यांत भरणाऱ्या बालवाडीने मुलांना न्यायचं कुठे? पावसाळा आणि हिवाळाभर ते फाटक दुपारी बारापर्यंत उघडं ठेवावं, माळी तिथे दिवसभर असतोच.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
जि. जळगाव