उरलेला फराळ: उषाला पत्र

पुणे
कार्तिक शुद्ध अष्टमी

प्रिय उषा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. ओट्यावर अजून अकरा डबे, त्यात शेजारच्या ताटांतून आलेला फराळ वेगळाच, आणि घरात आता डब्याचं झाकण उघडायलाही कुणी तयार नाही, असं लिहिलंयस. टाकून देऊ नकोस. इतक्या कष्टाच्या आणि इतक्या तुपातेलाच्या वस्तू आहेत त्या. पण हे सगळं पुन्हा डब्यातून तसंच ताटात वाढू नकोस, त्याचा स्वयंपाक कर. कसा करायचा ते सविस्तर लिहिते.

आधी सगळे डबे उघड आणि प्रत्येकातलं थोडं थोडं चाखून बघ. सादळलेलं आणि खवट यांतला फरक जिभेला लगेच कळतो. सादळलेलं म्हणजे हवेतला ओलावा शोषून मऊ पडलेलं. चव तीच असते, फक्त कुरकुरीतपणा गेलेला असतो. ते दुरुस्त होतं. खवट म्हणजे त्यातलं तेल, खोबरं किंवा दाणे हवेनं आणि उष्णतेनं बिघडलेले. जुन्या रंगासारखा वास येतो आणि गिळल्यावर घशात कडवट राहतं. ते परतून, मसाला घालून, लिंबू पिळून कशानंही जात नाही. तो डबा मात्र मन घट्ट करून रिकामा कर. ओल्या नारळाच्या लाडवावर किंवा वडीवर कुठे पांढरी बुरशी दिसली, तर तेवढाच लाडू काढून बाकीचे ठेवू नकोस, तो सगळा डबाच गेला असं समज.

तुमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत क्रम महत्त्वाचा. ओल्या नारळाचं काही असेल तर ते आजच्या आज संपव. मग सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या, मग खोबऱ्याचे काप आणि दाणे घातलेला चिवडा. चकली आणि शेव त्यानंतर. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू सगळ्यांत शेवटी, ते तग धरतात. आणि चार घरांचा चिवडा एका डब्यात ओतला असशील तर लगेच वेगळा कर. एकाचे दाणे खवट असले की सगळा डबा त्याच वासाचा होतो.

आता मूळ गोष्ट. फराळाचा प्रत्येक पदार्थ हा तयार माल आहे. मीठ, तिखट, साखर, तेल, तूप सगळं त्यात आधीच पडलेलं आहे. उरलेल्या फराळाचे पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा यामुळेच. आपण सवयीनं पुन्हा मीठ घालतो, पुन्हा साखर घालतो, पुन्हा तळतो. म्हणून नव्या पदार्थातली बाकीची सामग्री अळणी, कमी तेलाची आणि ताजी घ्यायची, फराळ शेवटी घालायचा आणि मीठ चाखूनच. पुढे जिथे वाटी म्हणते तिथे नेहमीची आमटीची, १५० मिलिलिटरची वाटी धर.

चिवडा नुसता सादळला असेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ४-५ मिनिटं सतत हलव. ओव्हन असेल तर १२० अंशांवर पसरट थाळीत ८-१० मिनिटं पुरतात. गरम असताना तो मऊच लागतो, म्हणून आणखी भाजत बसू नकोस, निवल्यावर कुरकुरीत होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, नाहीतर त्याचीच वाफ झाकणाला धरते आणि संध्याकाळी तो पुन्हा मऊ. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात उष्णता सारखी लागत नाही, पोहे मऊच राहतात आणि खोबऱ्याचे काप आतून करपतात.

डब्याच्या तळाशी जो पिवळा भुगा राहतो, त्यात मीठ, पिठीसाखर, हळद, हिंग, तीळ आणि कढीपत्त्याचा चुरा असतो. तो चाळणीनं वेगळा काढून बाटलीत भर. दहीभातावर एक चमचा, काकडीच्या कोशिंबिरीत अर्धा चमचा. आधीच तळलेला असल्यामुळे वरून फोडणी लागत नाही.

चिवड्याचे दडपे मला सगळ्यांत आवडतात, आणि तुमच्याकडे ताज्या नारळाला तोटा नाही. २ वाट्या चिवडा आणि १ वाटी कोरडे पातळ पोहे घे. हे कच्चे पोहे चिवड्यातलं जास्तीचं मीठ आणि तेल वाटून घेतात, ते वगळू नकोस. त्यात पाऊण वाटी ओलं खोबरं, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी काकडी चोचवून, मिरची, कोथिंबीर, अर्धं लिंबू. हातानं हलकं कालव आणि वर जड ताट ठेवून १० मिनिटं दडपून ठेव. पाणी शिंपडू नकोस. काकडी, कांदा आणि नारळ यांचा रस पुरतो. पाणी घातलं की तळलेले पोहे गिळगिळीत होतात.

चिवडा फार असेल तर टिक्क्या कर. पाव किलो बटाटे उकडून पूर्ण गार करून किसून घे, गरम कुस्करलेस तर चिकट होतात. दीड वाटी चिवडा हातानं जाडसर चुरून त्यात घाल. दाणे अख्खे राहिले की टिक्की तिथूनच फुटते, तेव्हा ते बत्त्यानं फोडून घे. आलं, मिरची, कोथिंबीर घालून १० मिनिटं झाकून ठेव, म्हणजे पोहे बटाट्याचा ओलावा ओढून घेतात आणि मिश्रण घट्ट होतं. मग मीठ चाख. बहुधा लागणारच नाही. चिवड्यात तेल आहेच, म्हणून तव्यावर एका टिक्कीला अर्धा चमचा तेल, मध्यम आच, प्रत्येक बाजूला ३-४ मिनिटं. आच मोठी ठेवलीस तर चिवड्यातली साखर आधी काळी पडते.

शेव आणि मोडक्या चकल्या थेट रश्शात घाल. खानदेशी शेवभाजीला मुळात जाड, तिखट शेव लागते. दिवाळीची बारीक शेव उकळत्या रश्शात टाकलीस तर दोन मिनिटांत तिचं पिठलं होतं. म्हणून रस्सा पातळ ठेव आणि शेव ज्याच्या त्याच्या वाटीत घालून वरून रस्सा ओत. चौघांसाठी दोन कांदे उभे चिरून आणि पाव वाटी सुकं खोबरं असं वेगवेगळं तांबूस भाज. एकत्र टाकलंस तर कांदा होईपर्यंत खोबरं जळतं. ५-६ लसूणपाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून गंधासारखं वाट. ३ चमचे तेलात वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परत, दीड-दोन चमचे काळा मसाला घाल, साडेतीन वाट्या गरम पाणी ओतून ८-१० मिनिटं उकळ. मीठ नेहमीच्या निम्मं. गार पाणी ओतलंस तर वरची तर्री बसते.

चकलीचं उलटं आहे. ती रश्शात शिजवावी लागते. बोटभर तुकडे करून शेवटची ३-४ मिनिटं उकळ. भाजणीतले तांदूळ आणि उडीद पाणी पितात, रस्सा दाट होतो, तेव्हा अर्धी वाटी पाणी जास्त धर. तुकडा बाहेरून मऊ आणि मध्ये किंचित करकरीत असला की गॅस बंद. मोहन जास्त होऊन खुसखुशीत झालेली चकली असेल तर ती विरघळते, तिला शेवेसारखीच वाटीत घाल. खारे शंकरपाळे उरले असतील तर आंबटगोड आमटीत ४-५ मिनिटं उकळून चकोल्यांसारखे, म्हणजे वरणफळांसारखे वाढ. कच्च्या कणकेच्या चकोल्यांना लागतात तेवढी मिनिटं त्यांना देऊ नकोस, मैदा बुळबुळीत होतो.

चकलीची भाजणी न तळता उरली आहे म्हणतेस, तिची थालीपीठं होतात. फक्त ती थालिपिठाच्या भाजणीसारखी वागत नाही. तिच्यात तांदूळच जास्त, साधारण चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभराडाळ असं प्रमाण, म्हणून थालीपीठ निवल्यावर वातड आणि कडक होतं. २ वाट्या भाजणीला अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, एक किसलेला दुधी न पिळता, एक कांदा आणि २ चमचे दही घाल. पीठ सैलसर भिजव.

आता गोड. घट्ट झालेले रव्याचे लाडू दात लागेनात अशी तक्रार आहे ना? पाक एकतारीच्या पुढे गेला की असं होतं. रवा शिजलेलाच असतो, साखर तेवढी दगड झालेली असते. चार लाडू फोडून जाड बुडाच्या पातेल्यात घे, अर्धी वाटी गरम दूध चारी बाजूंनी शिंपड, घट्ट झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ५ मिनिटं. साखर विरघळून मऊ शिरा होतो. बेदाणे आणि वेलची आधीच आहेत, वर काही घालू नकोस.

बेसनाचे लाडू टिकतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेळ काढून पोळ्या करता येतात, गुळपोळीच्या पद्धतीनं. चार लाडू, म्हणजे साधारण १६० ग्रॅम, हातानं मोकळे करून त्यात २ चमचे भाजलेल्या तिळाचं कूट आणि एक चमचा कोरडं भाजलेलं बेसन मिसळ. लाडवातलं तूप तव्यावर वितळतं आणि सारण पळतं, ते हे दोन्ही धरून ठेवतात. एक वाटी कणकेत २ चमचे बेसन आणि एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन, पाणी बेताचं, कणीक घट्ट. सारण आणि कणीक बोटानं दाबल्यावर सारखीच दबायला हवी. सारण कडक असेल तर पोळी फाटते, मऊ असेल तर ते बाहेर येतं. पुरीएवढ्या दोन लाट्या लाटून एकीवर सारणाची चपटी चकती ठेव, दुसरी वर, कडा दाबून घे आणि मधून कडेकडे लाट. आच मध्यमहून कमी. सारण कुठून फुटून तव्यावर आलंच, तर पुढची पोळी टाकायच्या आधी तवा ओलसर फडक्यानं पुसून घे. जळलेली साखर तशीच राहिली की पुढच्या सगळ्या पोळ्या कडू होतात.

गोड शंकरपाळे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरव. सलग फिरवलेस तर त्यातलं तूप तापून गोळा होतो. २ वाट्या जाडसर चुऱ्यात २-३ चमचे कोमट तूप घालून चुरम्याचे लाडू वळ, साखर नको. किंवा बिनसाखरेचा चक्का फेटून वाटीत शंकरपाळ्यांचा चुरा, वर चक्का असे थर दे आणि तासाभरात खा. त्यापुढे चुरा ओला होतो.

करंज्यांची खीर फार चांगली होते, कारण सारणातला रवा आणि खसखस दूध आपोआप दाट करतात. अर्धा लिटर दूध उकळून त्यात ५-६ करंज्या चुरून घाल आणि ५ मिनिटं ढवळत राहा. आधी एक करंजी मोडून नुसतं सारण चाख. खवटपणा असेल तर तो गरम दुधात दुपटीनं जाणवतो.

अनारशांना मात्र वेगळं वागव. तुपात हसलेल्या, म्हणजे तळताना सुटून विखुरलेल्या अनारशांचा चुरा तू गाळून ठेवलायस हे वाचून बरं वाटलं, त्याची खीर ही उरल्यासुरल्यातली सगळ्यांत चवदार गोष्ट. पण तो गुळाचा आहे, आणि उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फुटतं. अर्धा लिटर दूध आटवून ४०० मिलिलिटरवर आण, खाली उतरव, बोट बुडवून सहज ठेवता येईल इतकं कोमट होऊ दे, मग एक वाटी चुरा घाल आणि अर्धा तास भिजू दे. पुन्हा गॅसवर ठेवू नकोस. साखरेचे अनारसे असतील तर ही भीती नाही.

तळणीच्या तेलाचं विचारलंस. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जी बिघडलेली द्रव्यं (टोटल पोलर कंपाउंड्स) तयार होतात, त्यांची मर्यादा एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं १ जुलै २०१८ पासून २५ टक्के ठेवली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल गडद आणि चिकट झालं असेल, तळताना फेस राहत असेल किंवा लवकर धूर येत असेल तर ते संपलं. चकलीच्या तेलात पिठाचे कण तळाशी जळतात, तेच तेल आधी बिघडतं. शंकरपाळ्यांचं फिकट असेल तर कापडातून गाळून आठवड्याभरात फोडणीला वापर, पुन्हा तळणीला नको. टाकायचं तेल मोरीत ओतू नकोस, बाटलीत बंद करून टाक.

दडपे, टिक्क्या, खिरी हे सगळं ज्या दिवशी करशील त्याच दिवशी संपव. कोरडा फराळ टिकतो तो कोरडा आहे म्हणून, एकदा पाणी किंवा दूध लागलं की तो ताज्या जेवणासारखाच नाशवंत.

ओल्या नारळाचं आणि करंज्या आजच संपवायला घे. बाकीचे तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतील. दडपे कसे झाले ते कळव, आणि काकांना नमस्कार सांग.

तुझी,
नीला