स्वप्नरंजन कसले?

पोलंडच्या राष्ट्रीय तत्त्वज्ञानावरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. हरलेल्यांचे स्वप्नरंजन म्हणून लेखकाने ते निकालात काढले, हे पटत नाही. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने केलेल्या तिसऱ्या फाळणीने पोलंड नकाशावरून पुसला गेला. राज्य नसताना राष्ट्र कशावर टिकते, हा तिथल्या विचारवंतांपुढचा रोजचा प्रश्न होता. त्यांच्या उत्तरात मसीहावादाचा (पोलंडच्या यातनांतून इतर राष्ट्रांचाही उद्धार होईल, या श्रद्धेचा) भाबडेपणा होता, हे मान्य. पण त्यांच्यापैकीच एक तत्त्वज्ञ ऑगस्ट चेश्कोव्स्की यांनी १८३८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या पुढे जात विचारापेक्षा कृतीला महत्त्व दिले (तेही जर्मन भाषेत, बर्लिनमध्ये ग्रंथ छापून!). पुढे १८७० मध्ये त्यांनीच पोझनानजवळ झाबिकोवोला शेतकी विद्यालय काढले. स्वप्नाळू माणूस शेतकी विद्यालय कशाला काढेल?

– एक वाचक, पुणे